प्रकल्प नोंदी: शिकागोत मुंबईचं टोस्ट सँडविच

१ मार्च २०२५, शनिवार

तर ठरलं. ३ मे ला आमच्या ग्रुपचं महाराष्ट्र दिनाचं गेट-टुगेदर आहे, वडापाव आणि मिसळ दरवर्षी असतेच आणि ती करायला लोक एका पायावर तयार असतात, म्हणून मी म्हटलं या वेळी मी टोस्ट सँडविच करणार. स्टेशनच्या बाहेरचं, कॉलेजच्या गेटवरचं. ग्रुपवर लगेच थम्स-अप आले आणि मग एकाने विचारलं, "पनिनीसारखं ना?" म्हणजे ते प्रेसमध्ये सपाट दाबून भाजलेलं इटालियन सँडविच. त्याला ब्लॉक केलं नाही हा माझा मोठेपणा.

काय हवंय ते एकदा लिहून ठेवते म्हणजे नंतर वाद नको. चौकोनी पांढरा ब्रेड, दोन्ही स्लाइसना पिवळं खारट बटर, हिरवी चटणी, मग उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा, प्रत्येक थरावर चिमूट मसाला, आणि हे सगळं ॲल्युमिनियमच्या हाती टोस्टरमध्ये आचेवर भाजलेलं. वर परत बटर, परत चटणी, शेव. बाजूला केचप, तोही पातळ, मला तो पातळच आवडतो. चीज हल्ली मुंबईत पण डोंगर करून किसतात, इलेक्ट्रिक ग्रिलरवर करतात, करू देत, पण ते ग्रिल सँडविच झालं आणि मी ते शोधत नाहीये.

आधी इथे कुठे तयार मिळतं का बघायचं. मिळालं तर तेच ऑर्डर करीन, मला स्वयंपाकाची हौस वगैरे काही नाही.

८ मार्च

डेव्हन ॲव्हेन्यू. नवरा गाडी पार्क करायला गेला तो पंचवीस मिनिटांनी उगवला, डेव्हनला शनिवारी पार्किंग म्हणजे दादरला दिवाळीच्या आधीच्या रविवारी लागतं तेवढं नशीब लागतं. या रस्त्याच्या एका भागाला गांधी मार्ग अशी मानाची पाटी आहे, आणि पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ मध्ये इथेच निघालं, म्हणजे अमेरिकेत देशी वाणसामान शोधणाऱ्यांची ही पंढरीच. इथे नाही मिळालं तर कुठे मिळणार असा माझा हिशोब होता.

मेनूवर 'बॉम्बे सँडविच' बऱ्याच ठिकाणी आहे. एका ठिकाणी आलं ते जाड ब्रेडचं, आत बटाट्याची भाजी, वर वितळलेलं मोझरेला, आणि सोबत फ्रेंच फ्राइज. बटाट्याबरोबर बटाटा. दुसरीकडे चटणी छान होती, खरंच छान, पण आतली काकडी एवढी जाड की पहिल्या घासाला अख्खी चकती दातात धरून बाहेर आली आणि मागे रिकामा ब्रेड राहिला. तिसरीकडे बीटच नव्हतं, विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला की लोक बीट काढून टाकायला सांगतात. कोण आहेत हे लोक?

एक सगळीकडे सारखं होतं. सगळं जास्त. जाड, भरपूर, उदार. दहा-बारा डॉलर घेतो म्हणजे तेवढं पोट भरलं पाहिजे असं मालकाला वाटत असणार, आणि त्याचं चूक म्हणता येत नाही, पण आपल्याकडच्या सँडविचवाल्याचं सगळं कसब कंजूषपणात आहे. एका बटाट्यात तो दोन-तीन गिऱ्हाइकं सांभाळतो. पातळ कापतो म्हणून सगळे थर एका घासात येतात, नाहीतर सॅलड खा ना.

परतीच्या वाटेवर अमूल बटर घेतलं. भांड्यांच्या दुकानात हाती टोस्टर मिळाला, नॉनस्टिक नाही, साधा ॲल्युमिनियमचा, आतून त्रिकोणी रेघ असलेला. जरा लहान वाटतोय पण असू दे.

१४ मार्च, शुक्रवार

ऑफिसातला एक सहकारी मूळ फिलाडेल्फियाचा आहे. त्याला माझा प्रकल्प सांगितला तर हसेल असं वाटलं होतं, तो उलट इतका गंभीर झाला की लंच अवर संपला तरी बोलतच होता. त्याचं म्हणणं, शिकागोत चीजस्टेक, म्हणजे त्यांच्याकडचं मांस आणि चीजचं सँडविच, शोधणं त्याने कधीच सोडून दिलं. मांस मिळतं, चीज मिळतं, पण रोल मिळत नाही. तिकडचा अमोरोसो बेकरीचा लांबट रोल, मऊ पण चिवट, तो नसेल तर बाकी सगळं असून काय उपयोग. तसंच न्यू ऑर्लिन्सच्या लोकांचं त्यांच्या पो-बॉय सँडविचबद्दल असतं म्हणे, तिथे लायडनहायमर नावाची १८९६ पासूनची बेकरी आहे आणि तिचाच ब्रेड पाहिजे, बाकी सगळं झूट.

सध्या लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ, चालू आहे, कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नाहीत, तर शिकागोच्या इटालियन बीफ सँडविचच्या टपऱ्यांवर या दिवसांत पेपर अँड एग सँडविच मिळतं. म्हणजे ढोबळी मिरची आणि अंड्याचा भुर्जीवजा प्रकार, लांब पावात. मी बीफ खात नाही म्हणून इतकी वर्षं त्या टपरीत पाऊलच टाकलं नव्हतं, आज गेले. वर जार्दिनिएरा घातलं, हे शिकागोचं तेलातलं तिखट लोणचं, गाजर फ्लॉवर सेलरी आणि हिरव्या मिरच्या, आणि आपल्या माणसाला एक चमचा खाल्ल्यावर बरणीच घ्यावीशी वाटते. घेतली.

बघण्यासारखं काय तर तो पाव. बीफवाले तो अख्खा रश्शात बुडवून देतात तरी तो फाटत नाही. आपला ब्रेड याच्या बरोब्बर उलटा, त्याला काही सहनच होत नाही, म्हणून तर आपल्याकडे आधी बटर लावतात कडेपर्यंत. बटरचा थर असला की चटणीचं आणि टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये शिरत नाही. मला आजवर वाटायचं ते फक्त चवीला आहे.

२२ मार्च

सकाळी साडेआठला भावाला व्हिडिओ कॉल, तिकडे संध्याकाळचे सात. तो पार्ल्यात स्टेशनजवळच्या गाडीवर उभा. सँडविचवाल्या भैयांना त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की बहीण अमेरिकेतून बघणार आहे, त्यामुळे ते जरा सावरून उभे होते, खांद्यावरचा नॅपकिन पण नवा.

मी हे हजारदा बघितलंय पण बघितलंय म्हणजे काय, गप्पा मारत उभी असायचे. आज नीट बघितलं. बटर डब्यातून घट्ट नाही घेत, बाहेर ठेवलेलं मऊ, सुरीच्या पात्याच्या सपाट बाजूने एका फटक्यात स्लाइसच्या चारही कोपऱ्यांपर्यंत. मग त्याच सुरीने चटणी, तीही कोपऱ्यांपर्यंत. बटाटा हातातच धरून, पाटावर नाही, अंगठ्याकडे सुरी ओढत, चकत्या सरळ ब्रेडवर पडतात, एकावर एक नाही तर कौलांसारख्या थोड्या थोड्या चढवलेल्या. मसाला. बीट. परत मसाला. काकडी, टोमॅटो, कांदा, आणि प्रत्येक वेळी ती दोन बोटांची चिमूट वरून, लांबून. मग झाकण. टोस्टरच्या आतल्या बाजूला बटर फिरवलं, सँडविच आत, कडा दाबल्या, बाहेर आलेला ब्रेड सुरीने टोस्टरच्या काठाकाठाने उडवला.

मी विचारलं की या कडांचं काय करता. "चटनी में डालते हैं मॅडम, गाढ़ी होती है, फेंकेंगे काय को?" झालं! मी चटणीत काय असतं म्हणून आईशी भांडत होते, ती म्हणत होती डाळ्या, मी म्हणत होते खोबरं.

आणि जाता जाता मी दाखवलेली माझी बटाट्याची चकती बघून म्हणाले, "इतना मोटा तो वडा होता है." भाऊ अजून हसतोय.

३० मार्च, पाडवा

श्रीखंड पुरी झाली, गुढी बाल्कनीत उभारली, वाऱ्याने दोनदा आडवी झाली, शेवटी झिप टायने बांधली. दुपारी चटणी.

कोथिंबीर देठांसकट, पुदिना तिच्या जेमतेम पाव, हिरव्या मिरच्या, आलं, जिरं, लिंबू, मीठ, थोडं काळं मीठ, चिमूटभर साखर, आणि ब्रेडच्या कडा. मिरचीचा प्रश्न इथे असतोच, हलापिन्यो जाड सालीची आणि पाणचट, सेरानो जरा बरी, पण देशी दुकानातल्या बारीक हिरव्या घेतल्या की भांडण मिटतं. रंगासाठी पाणी बर्फाचं घालायचं आणि मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, एकसलग फिरवला की पातं तापतं आणि हिरवी चटणी शेवाळी होते. लिंबू मात्र शेवटी, खायच्या जरा आधी, कारण आंबटपणाने हिरवा रंग मरतो, ती चटणी रात्रभर ठेवली तर खाकी होते.

चव बरोबर आली. म्हणजे इतकी बरोबर की नवऱ्याने चमच्याने खाल्ली आणि म्हणाला प्रकल्प संपला का. नाही.

सँडविच मसाला वेगळा आहे हे पण लिहून ठेवते, चाट मसाल्याने काम भागतं पण आमचूर जास्त लागतं त्यात. मी भाजलेलं जिरं, बडीशेप, मिरी, थोडी दालचिनी, काळं मीठ आणि आमचूर असं दळलं. दालचिनी किंचित, पण तीच ती गाडीसमोरची चव, इतके दिवस कळत नव्हतं काय ते.

६ एप्रिल

ब्रेड. आता खरं दुखणं.

मुंबईत गाडीवर बहुतेक विब्सचा, वेस्टर्न इंडिया बेकर्सचा मोठा ब्रेड असतो. त्याचा स्वभाव म्हणजे काही स्वभाव नसणं. गोड नाही, आंबट नाही, चिवट नाही, भाजला की पापुद्र्यासारखा कुरकुरीत. इथला दुकानातला पांढरा ब्रेड भाजला की आधी रंग येतो, कुरकुरीतपणा नंतर, कारण साखर, आणि ती चटणीखाली लपत नाही. टेक्सास टोस्ट म्हणून जो मिळतो त्याची एक स्लाइस म्हणजे आपल्या दोन. कोरियन दुकानातला मिल्क ब्रेड सुंदर आहे, चहाबरोबर खा, पण दूध-साखर-बटर इतकं की सँडविच म्हणजे केक वाटतो.

मेक्सिकन गल्लीतल्या दुकानात बिंबोचा पांढरा ब्रेड घेतला, तो त्यातल्या त्यात जवळचा. गंमत म्हणजे आपला मॉडर्न ब्रेड, १९६५ मध्ये सरकारने काढलेली कंपनी, २००० मध्ये हिंदुस्तान लीव्हरला विकली, ती पुढे हात बदलत २०२१ पासून याच बिंबोच्या मालकीची आहे. म्हणजे लहानपणी शाळेच्या डब्यातला ब्रेड आणि हा आता एकाच घरातले, फक्त चव जुळत नाही. स्लाइस लहान आहे हा दुसरा प्रॉब्लेम.

मग नीट वाचलं. चौकोनी ब्रेड होतो झाकणवाल्या डब्यात, पीठ फुगून वर जायला जागाच नसते म्हणून आतली जाळी बारीक आणि घट्ट. त्या ब्रेडला अमेरिकेत पुलमन लोफ म्हणतात, पुलमन कंपनीच्या रेल्वे डब्यांतल्या इवल्याशा स्वयंपाकघरात चौकोनी लाद्या एकावर एक रचून ठेवता यायच्या. डबा युरोपात आधीपासून होता, पण नाव चिकटलं ते यांचं. आणि त्या कंपनीचा मालक पुलमन म्हणजे इथलाच, शिकागोच्या दक्षिणेला त्याने कामगारांसाठी वसवलेली अख्खी वसाहत आहे, १८९४ चा मोठा रेल्वे संप तिथूनच पेटला. मी ब्रेडसाठी पार्ल्याकडे डोळे लावून बसलेय आणि त्याचा डबा माझ्या ट्रेनच्या लाइनवर.

डबा मागवला, तेरा इंची, झाकणासकट.

१३ एप्रिल

ब्रेड जमला. ब्रेड फ्लोअर न घेता साधं ऑल-पर्पज घेतलं, ब्रेड फ्लोअरमध्ये प्रोटीन जास्त, चिवट होतो, आणि चिवट म्हणजे चावताना आतला माल मागून पळतो. साखर यीस्टपुरती, दूध थोडं, बाकी पाणी. पीठ झाकणापासून बोटभर खाली आलं की झाकण सरकवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या दिवशी कापायचा नाही. दुसऱ्या दिवशी कापला तर सेंटीमीटरची स्लाइस सरळ उतरते, ताजा कापला तर सुरीखाली बसतो. गाडीवरचा ब्रेड पण कुठे ताजा असतो.

भाज्या पटकन. रसेट बटाटा कापताना भुगा होतो, तो मॅशसाठी ठीक. युकॉन गोल्ड, कॅनडात गुएल्फ विद्यापीठात तयार झालेला बटाटा, पिवळसर, घट्ट, पातळ चकती धरून ठेवतो, तोच घ्यायचा, उकडून फ्रिजमध्ये पूर्ण गार करून. काकडी इथली जाडी मेण लावलेली नको, छोट्या पर्शियन काकड्या घ्या. बीट साल आणि शेपटीसकट उकडायचं नाहीतर रंग सगळा पाण्यात, आणि डब्यातलं बीट व्हिनेगरवालं निघतं ते तर अजिबात नको. मीठ आधी लावून ठेवायचं नाही कशालाच, पाणी सुटतं.

१९ एप्रिल

टोस्टर. आमच्याकडे काचेचा इलेक्ट्रिक स्टोव्ह, त्यावर टोस्टर ठेवला तर फक्त कडा टेकतात, मधलं पोट अधांतरी, त्यामुळे चौकट काळी आणि मध्ये पांढरा. ज्योत पाहिजे. एच मार्ट या कोरियन दुकानातून कोरियन लोक टेबलावर वापरतात ती ब्युटेनची शेगडी आणली, खिडक्या उघड्या टाकून तिच्यावर केलं. मध्यम आच, एक बाजू झाली की उलटवायचं, दर थोड्या वेळाने उघडून बघायचं, भैया बघतात तसं. उघडल्यावर जी वाफ येते ना, बीट आणि चटणी आणि करपलेलं बटर, त्या वासाला मी किचनमध्ये उभी राहून "भैया, तिखा थोडा ज्यादा" असं मोठ्याने म्हटलं. नवऱ्याने "मॅडम लाइन में आइये" म्हटलं.

पनिनी प्रेस का चालत नाही ते आज समजलं. प्रेस सगळं सपाट दाबतं, टोमॅटोचा रस बाहेर. हाती टोस्टर फक्त कडा दाबून बंद करतो, मध्ये पोकळी राहते, आतलं आतल्या वाफेवर गरम होतं आणि बाहेरचं कोरडं भाजतं. त्यामुळे काकडी गरम होऊनही कुरकुरीत राहते, आणि बाहेर खाल्लेल्या सगळ्या बॉम्बे सँडविचांत नेमकं हेच नव्हतं.

३ मे

झालं एकदाचं. शेगड्या दोन, टोस्टर माझा एक आणि शेजारच्या गुजराती मावशींचा एक, त्यांचा जुना, लाकडी मुठीचा, सत्तरच्या दशकात त्या आल्या तेव्हा बॅगेत घालून आणलेला, माझ्यापेक्षा मोठा आणि कितीतरी चांगला. मला बटाट्याच्या चकत्या कापताना बघून त्यांनी सुरी हातातून काढून घेतली. "आपी दे बेटा." मग बघण्यासारखं होतं. अंगठ्याकडे ओढत, पाट नाही, बरोब्बर त्या भैयांसारखं, आणि मला म्हणाल्या की घरात माणसं बारा आणि बटाटे चार असले की हात आपोआप शिकतो.

लाइन लागली, खरी लाइन. लोकांनी मिसळ सोडून सँडविचसाठी वाट बघितली, लहान मुलं केचप जास्त मागत होती, आणि तो पनिनीवाला परत परत येत होता. एका काकांनी विचारलं, चीज नाही का. मी म्हटलं नाही. ते म्हणाले बरं झालं. एकाने जार्दिनिएरा वर घालून खाल्लं, ती बरणी मीच ठेवली होती, आणि मला कबूल करायला जड जातंय पण भारी लागतं. मुंबईचं नाही, पण भारी.

कापायचं ते तिरपं दोनदा नाही, सहा तुकडे, आडवे-उभे. यावर मतभेद झाले. वांद्रेकर म्हणतात चार. असोत.

२५ मे

मेमोरियल डे वीकेंड, स्टार्व्ह्ड रॉक पार्कात कॅम्पिंग, इलिनॉय नदीच्या काठाला, फिलाडेल्फियावाला सहकारी आणि त्याची बायको पण. अमेरिकन लोकांचा पण हाती टोस्टर असतो! पाय आयर्न म्हणतात, बिडाचा, लांब दांड्यांचा, शेकोटीत धरायचा, यात ते ब्रेडमध्ये चेरीचं फिलिंग घालून भाजतात. रोम इंडस्ट्रीज नावाची कंपनी बनवते, तीही इलिनॉयचीच, याच नदीकाठच्या पिओरियाची. मी घरून चटणी, कापलेला ब्रेड आणि उकडलेले बटाटे-बीट डब्यात नेलेच होते.

बीड तापायला वेळ लागतो पण तापलं की सोडत नाही, त्यामुळे दुसरं सँडविच पहिल्यापेक्षा निम्म्या वेळात होतं आणि तिसरं करपतं. जड इतकं की मनगट दुखतं. शेकोटीचा धूर लागतो ते मला आवडलं, जुन्या कोळशाच्या सिगडीवरच्या टोस्टसारखं. फिलाडेल्फियावाल्याने बीट बघून तोंड वाकडं केलं, मग खाल्लं, मग काही न बोलता पुढचा ब्रेड बटर लावून पुढे केला. कडेपर्यंत लावलं होतं, शिकला.

१ जून

जुलैत भाऊ येतोय, त्याला यादी पाठवली. टोस्टर दोन, ॲल्युमिनियमचे, लाकडी मुठीचे, भांडी गल्लीतून, ऑनलाइन नको, आणि नॉनस्टिक तर नकोच. विब्सचा ब्रेड दुकानात सोबत नेऊन आत बसतो का बघूनच घे, दुकानदार ओरडला तर ओरडू दे. शेव बारीक, नायलॉन. आणि निघायच्या आदल्या दिवशी त्या भैयांना विचारून त्यांची सुरी कुठली ते बघ, पात्याची लांबी आणि ते किती लवतं, फोटो नको, हातात घेऊन बघ.